जामीन झाला, सुटका राहिली

‘जामीन मंजूर’ हे दोन शब्द वर्तमानपत्रात वाचले की माणूस सुटला, असं आपण धरून चालतो. ज्याने फौजदारी कोर्टाचे उंबरे झिजवले आहेत त्याला ठाऊक असतं की खरी धावाधाव तिथून पुढे असते. जामीनदार हवा. त्याचं रेशनकार्ड हवं, पगाराची स्लिप हवी, राहत्या घराचा पुरावा हवा. शिवाय तो स्थानिक असावा असा आग्रह. बिहारातून किंवा मराठवाड्यातून बांधकामावर आलेल्या मजुराला मुंबईत असा माणूस कोण मिळणार? त्याचा मोबाइल मुद्देमालात जमा, घरचा नंबर पाठ नाही, आणि तो आत आहे हे गावी कुणाला माहीतही नाही. जामिनाचा हुकूम फायलीत पडून राहतो आणि माणूस बरॅकमध्ये.

ही गाठ सोडवायला शिकवणारं पदव्युत्तर शिक्षण आपल्या मुंबईत आहे, आणि त्याची कल्पना फार थोड्या मराठी घरांना आहे.

1936 साली नागपाड्यात क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या पुढाकाराने समाजकार्याचं शिक्षण देणारी सर दोराबजी टाटा यांच्या नावाची शाळा सुरू झाली. तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणजे ‘टिस’ झाली आणि 1954 मध्ये देवनारला गेली. त्याच सुमारास संयुक्त राष्ट्रांनी पाठवलेले अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञ वॉल्टर रेकलेस भारतातले तुरुंग पाहून गेले होते. तुरुंग चालवणं हे प्रशिक्षित माणसांचं काम आहे, हा विचार त्यानंतर इथे रुजू लागला. देवनारच्या संस्थेत गुन्हेशास्त्र समाजकार्याचा भाग म्हणून वाढलं, ही मला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. गुन्हा कुणी केला हे शोधणारी माणसं पोलीस खात्यात असतात. ज्याच्यावर आरोप आहे त्याच्यामागे घर आहे का, वकील आहे का, सुटल्यावर रात्री तो झोपणार कुठे, हे विचारणारं माणूस यंत्रणेत कुठेच नव्हतं.

1990 मध्ये टिसच्या याच गुन्हेशास्त्राच्या विभागातून ‘प्रयास’ हा प्रकल्प उभा राहिला. प्राध्यापक विजय राघवन यांचं नाव त्याच्याशी कायमचं जोडलं गेलं आहे. तुरुंगात जाऊन कच्च्या कैद्यांना भेटायचं, घरच्यांशी संपर्क साधायचा, विधी सेवा प्राधिकरणाचा वकील गाठून द्यायचा, सुटलेल्याला निवारा आणि कामधंदा मिळवून द्यायचा, असं हे काम. विभागाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे विद्यार्थी अशाच ठिकाणी क्षेत्रकार्याला जातात. कोठडीतल्या प्रत्येकाला फुकट वकिलाचा हक्क आहे, मग त्याचं उत्पन्न कितीही असो, हे 1987च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात लिहिलेलं आहे. वर्गात ते पाच मिनिटांत शिकवून होतं. पण वकिलाला आपल्या अशिलाचा चेहरा माहीत नसतो, अशिलाला वकिलाचं नाव माहीत नसतं, आणि मध्ये नुसती तारीख पडत जाते. हे कळायला तुरुंगाच्या फाटकावर रांगेत उभं राहावं लागतं. नंबर आठवत नसेल तर विद्यार्थी विचारतो: शाळा कुठली? गावात किराणा दुकान कुणाचं? सरपंचाचं नाव काय? अशा एखाद्या धाग्यावरून घर सापडू शकतं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 31 डिसेंबर 2022 रोजी देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती. त्यातली 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे दर चारांतले तीन अजून दोषी ठरलेलेच नव्हते. कच्च्या कैद्यांविषयीच्या 1979च्या हुसैनारा खातून खटल्यापासून सर्वोच्च न्यायालय या प्रश्नावर बोलत आलं आहे. जानेवारी 2023 मध्ये त्याने सांगितलं की जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं. गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी 40,000 रुपयांपर्यंत मदत देणारी केंद्राची योजनाही त्याच वर्षी आली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 479 तर आणखी पुढे जातं: आधी कधीच दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला जातमुचलक्यावर सोडायचं. काही अपवाद आहेत. जन्मठेपेचे आणि फाशीचे गुन्हे यात येत नाहीत, एकाहून जास्त खटले असले तरी हा लाभ नाही. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे हिशेब एका वर्षाचा. अर्ज करण्याची जबाबदारी अधीक्षकावर आहे. पण वर्ष कधी भरलं, आधीचा गुन्हा खरोखर आहे की नावसाधर्म्याने चिकटला आहे, हे प्रत्येक माणसाचे कागद काढून पाहावं लागतं. खच्चून भरलेल्या तुरुंगात ते कोण पाहणार?

2016च्या आदर्श तुरुंग नियमावलीत याचं उत्तर आहे: दर 200 बंद्यांमागे एक सुधार अधिकारी, दर 500 मागे एक समुपदेशक. माझी तक्रार आहे ती इथेच. आपण या कामासाठी माणसं शिकवून तयार करतो आणि त्यांना बसायला खुर्ची ठेवत नाही. मग ही मुलं प्रकल्पांच्या तात्पुरत्या मानधनावर काम करतात आणि निधी संपला की दुसरीकडे वळतात.

हे बदलता येतं, आणि महाराष्ट्राने ते एकदा करून दाखवलं आहे. 1984 मध्ये याच टिसने मुंबई पोलिसांबरोबर महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या आवारात बसणारी प्रशिक्षित समाजकार्यकर्ती तेव्हा नवलाची होती. पुढे राज्याच्या महिला व बालविकास विभागाने तो कक्ष स्वीकारला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत नेला. तुरुंगांसाठी गृह विभागाने हेच करावं. नियमावलीतलं प्रमाण धरून पदं मंजूर करावीत, ती कायम असावीत, आणि हे शिक्षण घेतलेल्यांतूनच भरावीत.

आणि पदवीनंतर काय करावं या विचारात असलेल्या तरुण वाचकांनो, टिसच्या या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची चौकशी जरूर करा. त्यासाठी कायद्याची पदवीच हवी असं नाही. मराठी येणाऱ्या, गावाकडचा पत्ता वाचून तालुका ओळखणाऱ्या माणसांची या कामात फार गरज आहे.