रेघ आणि पान (भाग ७) : पाच पाकळ्यांची तगर

मागच्या भागात वर्तुळाचा लंबगोल झाला. ताट तिरकं धरलं की त्याची कड कशी चपटी दिसते, हे हाताला बसलं असेल तर फुलाकडे वळायला हरकत नाही.

फूल काढायला सांगितलं की नवशिका मध्ये एक टिकली काढतो आणि तिच्याभोवती सुचतील तेवढे फुगवटे. मोजत मात्र नाही. कंपासपेटी हाताळलेल्यांची अडचण वेगळी. वर्तुळाची त्रिज्या परिघावर फिरवली की बरोबर सहा भाग पडतात, त्यामुळे त्यांचं फूल कायम सहा पाकळ्यांचं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या संकल्पचित्रात ते शोभतं. पण पिंपळे गुरवच्या कुठल्याही गल्लीत सोसायटीच्या कुंपणाशी किंवा गॅलरीतल्या कुंडीत डोकावा. एकेरी तगर, सदाफुली, जास्वंद, पांढरा चाफा ही सगळी पाचाच्या हिशेबातली फुलं आहेत.

पाच सारखे भाग म्हणजे प्रत्येकी ७२ अंश. कोनमापक शोधू नका. हातपाय फैलावून उभ्या माणसाची काड्यांची आकृती काढा : डोक्याची एक काडी, हातांच्या दोन, पायांच्या दोन. पाचही बेंबीतून निघालेल्या आणि सारख्या लांबीच्या, हात आडव्या रेषेपेक्षा किंचित वर उचललेले. हा झाला सांगाडा. रेघ इतकी फिकी हवी की नंतर खोडली नाही तरी चालेल.

आता तगरीचं फूल समोर ठेवा, मनातलं नको. दुहेरी तगर घेऊ नका, तिच्यात पाकळ्यांची गर्दी असते. एकेरी फूल नीट पाहिलंत तर प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर आणि दुसरी कड दुसऱ्या शेजारणीच्या खाली गेलेली दिसेल. पाचही पाकळ्या एकाच दिशेने वळलेल्या असतात. सदाफुली आणि पांढरा चाफा तगरीच्याच कुळातले. तिथेही हाच क्रम. म्हणून काडीच्या दोन्ही बाजूंना सारखी पाकळी काढली की फूल कागदी दिसतं. पाकळीचं टोक काडीपासून थोडं एका बाजूला सरकवा, वर असलेली कड अखंड ओढा आणि खाली गेलेली कड जिथे झाकली जाते तिथे रेघ थांबवा. थांबणं हेच अवघड. हाताला रेघ पुरी करायची सवय असते.

हे पुढचं-मागचं मोठ्या कामात पाहायचं असेल तर सिंहगड एक्स्प्रेसने मुंबईला उतरल्यावर लगेच टॅक्सी गाठू नका. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत १८७८ ते १८८८ या काळात बांधली गेली. तिच्यावरच्या पानाफुलांच्या नक्षीचं काम जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केलं. कोणतं पान वर आणि कोणतं खाली, हे दगडात आधीच ठरवावं लागतं. तिथे खोडरबर चालत नाही.

समोरून काढलेलं फूल जमलं की ते थोडं तिरकं करा. वर्तुळाच्या जागी मागच्या भागातला लंबगोल येईल. काड्या मात्र आता सारख्या लांबीच्या राहत नाहीत : आपल्या दिशेच्या आणि पलीकडच्या आखूड दिसतात, बाजूच्या जवळपास तेवढ्याच. देठ लंबगोलाच्या मध्याखालून निघतो, कडेपासून नाही. ही चूक छापील भेटकार्डांवरसुद्धा सर्रास दिसते.

जास्वंदीला सुरुवात पाकळीपासून करूच नका. मधली दांडी आधी काढा. पुंकेसर जुळून तिची नळी झालेली असते, वरच्या भागात पिवळे परागकोश आणि अगदी टोकाला पाच लाल ठिपके. इथेही पाच! दांडी कुठे झुकली आहे हे पक्कं झालं की पाकळ्या तिच्या बुडापासून मागे पसरवायच्या.

गुलाब आणि झेंडू यांना या आठवड्यात हात लावू नका. बाजारातल्या गुलाबाच्या पाकळ्या मोजता मोजता उत्साह संपतो, आणि झेंडू तर एक फूल नसून देठाच्या टोकावर दाटीने बसलेली बारीक बारीक फुलं असतात. त्यासाठी काड्यांचा माणूस उपयोगाचा नाही, वेगळी युक्ती लागते. ती पुढच्या भागात.