रात्रीची सायकल आणि आपली उसाची गाडी



ऊस विकास खात्याकडून तुम्हांला बेणे, खत नि पाण्याच्या पाळीबद्दल ऐकायची सवय आहे. या वेळी आम्ही सायकलच्या दिव्याबद्दल लिहीत आहोत. ‘याचा उसाशी काय संबंध?’ असे कोणी विचारील. संबंध आहे. गळीत हंगामात आपल्या भागातील रस्त्यांवर रात्री जी वाहने असतात, त्यांत सर्वांत मोठी आपली उसाची ट्रॅक्टर-ट्रेलर आणि सर्वांत लहान आपल्याच माणसांची सायकल. दोन्हींना बहुधा मागे दिवा नसतो.

पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. पुढे 1960 नंतरच्या काळात मोठमोठे मोटार कारखाने आले. तेव्हा आसपासच्या गावांतले कामगार पाळीला सायकलवरच जात. पिंपरी-चिंचवडला 1970 साली नगरपालिका झाली, 1982 साली महापालिका. चाकणचा औद्योगिक भाग त्यानंतरचा. आता बरेच जण मोटारसायकलने किंवा कंपनीच्या बसने जातात. तरी ठेकेदाराकडचे कामगार, दूध घालणारे आणि रात्रपाळीच्या विजेवर उसाला पाणी धरायला निघालेले आपले सभासद अजूनही सायकलवर दिसतात. पूर्वी बिनदिव्याची सायकल पोलीस अडवीत, म्हणून लोक रॉकेलचा का होईना, दिवा लावीत. आता पोलीस अडवीत नाही. पण पुणे-नाशिक रस्त्यावर किंवा तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्यावर मागून कंटेनर येतो, त्याचे काय?

थोडा हिशेब करू. ताशी 60 किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे 17 मीटर जाते. चालकाला समोरचे दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर 25 मीटर तिथेच गेले. पुढे ब्रेक लागून मोटार थांबायला आणखी वीस-पंचवीस मीटर लागतात, आणि भरलेल्या ट्रकला त्याहून जास्त. म्हणजे निदान 50 मीटरवरून तुम्ही दिसायला हवे. डिपरच्या उजेडात काळी घोंगडी पांघरलेला माणूस जेमतेम 25-30 मीटरवर दिसतो. यात चालकाने कितीही मनात आणले तरी गाडी वेळेत थांबत नाही. पांढरे धोतर, पांढरा सदरा बराच लांबून दिसतो. थंडीत घोंगडी घ्यावीच लागते, पण तिच्यावर फिकट रंगाचा पंचा टाकता येतो.

सायकलला पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवा. पुढच्या दिव्याने खड्डा दिसतो, पण जीव वाचतो तो मागच्या दिव्याने. टायरला घासून चालणाऱ्या जुन्या डायनामोला सेल लागत नाही, पण सायकल थांबली की दिवा विझतो. नाक्यावर तुम्ही उभे असता तेव्हाच अंधार. म्हणून डायनामो असला तरी मागे परावर्तक, म्हणजे उजेड परत फेकणारी लाल काच, अवश्य हवी. स्वच्छ काच मोटारीच्या उजेडात 100 मीटरच्या पलीकडूनही चमकते आणि तिला ना सेल, ना वीज. पायडलला पिवळे परावर्तक असले तर आणखी बरे. ते वरखाली हलतात, त्यामुळे पुढे सायकल आहे हे चालकाला लगेच उमगते. परावर्तकांच्या दर्जासाठी केंद्र सरकारने 2020 साली आदेशही काढला आहे. जुन्या सायकलीच्या मडगार्डला लाल चकाकती पट्टी चिकटवली तरी पुष्कळ काम होते.

एक चूक मात्र सर्रास दिसते. दिवा असतो सीटखाली आणि कॅरिअरवर असतो वैरणीचा भारा किंवा दुधाचा कॅन. दिवा झाकला गेला, म्हणजे असून नसल्यासारखा. तो मडगार्डवर, भाऱ्याच्या खाली दिसेल असा बसवावा. पुढचा दिवा किंचित खाली वळवावा, समोरच्याच्या डोळ्यांवर मारू नये. समोरून झगझगीत उजेड आला, तर त्याकडे न पाहता रस्त्याच्या डाव्या कडेकडे पाहावे, वेग कमी करावा, काहीच दिसेना तर खाली उतरावे. सायकल डावीकडूनच चालवावी. ‘वाहन समोरून दिसलेले बरे’ म्हणून काही जण उजवीकडून येतात. तो नियम पायी चालणाऱ्यांसाठी आहे, बरं का, सायकलसाठी नाही.

आता आपली बाजू. सायकलवाल्याने दिवा लावला आणि आपला ट्रेलर अंधारात उभा राहिला, तर उपयोग काय? ट्रेलरच्या मागे दोन्ही कोपऱ्यांना लाल परावर्तक आणि पूर्ण रुंदीला चकाकती पट्टी हवी. मधोमध एकच ठिपका असला, तर मागच्याला ती सायकल वाटते आणि तो कडेने गाडी काढायला जातो. लोंबणाऱ्या उसाने व वाढ्याने पट्टी झाकू नये. बैलगाडीलाही हेच लागू. ट्रेलर पंक्चर झाला की चाकाला दगड लावतात, आणि गाडी निघाली की ते तिथेच राहतात. मोटारीचे चाक त्यांवरून जाईलही, सायकलवाला मात्र तोंडावर पडतो. रस्त्यावर सांडलेल्या मोळीचेही तसेच. दगड उचलल्याशिवाय आणि ऊस बाजूला केल्याशिवाय गाडी हलवू नये, हे आपल्या वाहतूकदाराला सभासदाने स्वतः बजावावे. ऊस तुमचा आहे, तुमचा शब्द तो ऐकेल. टेपचा आवाजही बेताचा ठेवायला सांगावे.

पहिली खेप भरण्यापूर्वी ट्रेलरची मागची बाजू रात्री बॅटरी मारून, 50 पावलांवरून पाहावी. त्याच रात्री घरातल्या सायकलीही तशाच पाहाव्यात. जी चमकणार नाही, ती दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून मगच रस्त्यावर न्यावी.

— ऊस विकास अधिकारी