अपुऱ्या दिवसांचे अर्भक व प्राणवायूची मात्रा

प्राणवायू हा जीवनाचा आधार खरा. परंतु अठ्ठावीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या अर्भकाच्या बाबतीत तो औषध समजावयास हवा व औषधाप्रमाणेच मोजून द्यावयास हवा. वैद्यकास ही जाणीव फार मोठी किंमत देऊन झाली.

बोस्टन येथील टेरी या नेत्रवैद्याने १९४२ मध्ये अकाली जन्मलेल्या अर्भकांत नेत्रभिंगामागे तंतुमय पडदा वाढून अंधत्व येत असल्याचे वर्णन केले. या रोगास पुढे 'रेट्रोलेंटल फायब्रोप्लेझिया', म्हणजे भिंगामागील तंतुवृद्धी, असे नाव पडले. हे नाव रोगाची केवळ अखेरची अवस्था सांगते. त्याच्या मुळाविषयी ते मूक आहे. आज रूढ असलेले 'अकालजातांची दृष्टिपटलविकृती' या अर्थाचे नाव त्या मानाने अधिक प्रामाणिक म्हणावे लागेल, कारण विकृती दृष्टिपटलातच उद्भवते. गर्भावस्थेत रक्तातील प्राणवायूचा दाब अल्प असतो, व त्या स्थितीतच दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या कडेकडे पसरत जातात. दिवस भरत येईतो हे काम पुरे होत नाही. मध्येच प्राणवायू विपुल झाला की वाहिन्यांची वाढ खुंटते. पुढे त्यांच्यावाचून राहिलेला भाग प्राणवायूस आसुसतो, आणि त्याच्या हाकेस नव्या वाहिन्या वेड्यावाकड्या फुटतात. त्यांच्या ओढीने दृष्टिपटल सुटून येऊ शकते.

मेलबर्नच्या केट कॅम्बेल यांनी १९५१ मध्ये प्राणवायूवर संशय व्यक्त केला. अमेरिकेतील अठरा रुग्णालयांच्या संयुक्त प्रयोगाने १९५४ पर्यंत तो दृढ केला. मग पेटीतील प्राणवायू ४० टक्क्यांच्या आत ठेवण्याचा परिपाठ पडला. अंधत्व घटले, परंतु वाचलेल्या प्रत्येक दृष्टीमागे सुमारे सोळा अर्भके दगावली असावीत, असे अनुमान क्रॉस यांनी १९७३ मध्ये मांडले. ४० टक्के हे हवेतील प्रमाण होते; दुबळ्या फुप्फुसांतून रक्तात किती उतरले, हे त्यावरून कळत नव्हते.

ते कळू लागले नाडी-ऑक्सिमीटरमुळे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सपोर्ट' या प्रयोगात एका गटाची संपृक्तता ८५ ते ८९, तर दुसऱ्याची ९१ ते ९५ टक्के राखावयाची होती. यंत्रेच अशी बदलली होती की, परिचारिकांना दोन्हीकडे ८८ ते ९२ हेच लक्ष्य दिसावे. पहिल्या गटात वाचलेल्यांपैकी ८·६ टक्के अर्भकांस गंभीर दृष्टिपटलविकृती झाली, दुसऱ्यात १७·९ टक्के. मृत्यू मात्र अनुक्रमे १९·९ व १६·२ टक्के. अशा पाच प्रयोगांच्या २०१८ मधील एकत्रित विश्लेषणातही खालच्या पातळीस मृत्यू अधिकच आढळले. म्हणून आज सामान्यतः ९० ते ९५ टक्क्यांच्या आसपास लक्ष्य ठेवतात. दृष्टिपटलाची विकृती वेळीच आढळल्यास बहुधा उपचार करता येतो, हेही त्यामागे आहे.

ही मर्यादा पाळणे सोपे नाही. ९५ टक्क्यांपलीकडे आकडा जवळजवळ स्थिर राहतो, पण रक्तातील दाब कितीही चढलेला असू शकतो. अर्भकाचा श्वास थांबला की प्राणवायू तत्परतेने वाढविला जातो. श्वास सुरू झाल्यावर तो तितक्याच तत्परतेने उतरविणे राहून जाते. वरच्या मर्यादेचीही घंटा लावतात ती याचसाठी. अर्भक साध्या हवेवर असेल, तर ९८ चा आकडा चिंतेचा नव्हे.