शहर की उपनगर? : मुंबईतील कुटुंबाच्या निवासाचा प्रश्न

प्रास्ताविक

'मुले लहान आहेत, तर राहावे कोठे?' हा प्रश्न वरवर पाहता खासगी वाटतो. घरातील चार माणसे बसून तो सोडवतात आणि त्याची नोंद कोठेही होत नाही. परंतु एकाच काळात हजारो कुटुंबे एकाच दिशेने स्थलांतर करतात, तेव्हा त्या निर्णयामागे सामाजिक कारणे असतात. मुंबईच्या गिरगाव, दादर, लालबाग, परळ या वस्त्यांतील असंख्य मराठी कुटुंबे बोरिवली, ठाणे, डोंबिवली, कल्याण येथे का गेली आणि त्यांनी काय मिळवले व काय गमावले, हे या लेखात आपण समजून घेऊ.

'उपनगर' या शब्दाचा अर्थ

प्रशासकीय दृष्ट्या मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत. बृहन्मुंबईची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी व भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत वाढवण्यात आली. डोंबिवली व कल्याण ही गावे या हद्दीबाहेर, ठाणे जिल्ह्यात आहेत. तरीही बोलण्यात आपण त्यांना मुंबईची उपनगरेच म्हणतो, कारण तेथील जीवन लोकलगाडीने मुंबईशी बांधलेले आहे. म्हणजे 'उपनगर' ही संकल्पना नकाशावरील रेषेपेक्षा रोजच्या प्रवासाने अधिक ठरते.

स्थलांतराची कारणे

पहिले कारण जागेचे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग येथील बी. डी. डी. चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची होती. अशा खोलीत आई-वडील, मुले आणि गावाहून आलेला एखादा नातलग राहत असे. संडास सामाईक, पाणी ठरावीक वेळी. मुले मोठी झाली, मुलाचे लग्न ठरले, की ही खोली अपुरी पडे.

दुसरे कारण कायद्याचे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या इमारतींची भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. त्यामुळे भाडेकरूला संरक्षण मिळाले, हे खरेच. परंतु अल्प भाड्यात मालकांनी दुरुस्तीकडे पाठ फिरवली आणि भाड्याने देण्यासाठी नवी घरे बांधणे किफायतशीर उरले नाही. खोली बदलायची तर पागडी मोजावी लागे. परिणामी वाढत्या कुटुंबाला त्याच परिसरात थोडी मोठी जागा मिळणे दुरापास्त झाले. उपनगरांत मात्र सहकारी गृहनिर्माण संस्थांमुळे आणि इमारत व्यावसायिकांमुळे मालकीचा, स्वतंत्र संडास-न्हाणीघर असलेला 'ब्लॉक' आवाक्यात आला.

तिसरे कारण रोजगाराचे. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावाचा आर्थिक आधार तुटला. अनेकांनी खोली विकून त्या पैशांत दूरवर घर घेतले.

जनगणनेतही हा ओघ दिसतो. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३.४ लाखांवरून ३०.९ लाखांवर उतरली. त्याच काळात ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ८१.३ लाखांवरून १ कोटी १०.६ लाखांवर गेली.

लाभ आणि किंमत

उपनगराने मुलांना अभ्यासाला स्वतंत्र कोपरा, स्त्रियांना खासगीपणा आणि कुटुंबाला मालकीची निश्चिंती दिली. याची किंमत मात्र पैशांत नव्हे, तर वेळेत मोजली गेली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून डोंबिवली सुमारे ४८ किलोमीटर आहे. घरापासून कचेरीपर्यंत एका वेळेस दीड तास धरला, तर दिवसाचे तीन तास होतात. वर्षातील ३०० कामाच्या दिवसांचे ९०० तास. लहान मुलाच्या वाट्याला येणाऱ्या आई-वडिलांच्या वेळेतून हे तास वजा होतात.

ही किंमत सर्वांवर सारखी पडत नाही. नोकरी करणारी स्त्री पहाटे डबे भरून निघते आणि परतीच्या गाडीत भाजी निवडते. प्रवासाने तिचे घरकाम कमी होत नाही, फक्त त्याची वेळ बदलते. चाळीत शेजारच्या काकू मुलाकडे सहज लक्ष ठेवत. ब्लॉकचे दार बंद झाले आणि त्या जागी पाळणाघर आले. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ' (१९५८) या पुस्तकाने चाळीतील सामाईक जीवनाचे विनोदी आणि हृद्य रूप मराठी वाचकांपुढे ठेवले. मात्र चाळीच्या आठवणीत रमताना सामाईक नळावरची भांडणे आणि खासगीपणाचा अभाव विसरता कामा नये. ज्या उघड्या दारातून मदत येत असे, त्याच दारातून चौकशी आणि टीकाही येत असे.

निर्णयाचे निकष

'शहर चांगले की उपनगर?' या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर नाही. विचार करताना पुढील बाबी उपयोगी ठरतात.

१. मुलांचे वय : सहा वर्षांपर्यंत सांभाळणारे माणूस जवळ असणे सर्वांत महत्त्वाचे. शाळकरी वयात चालत जाता येईल अशी शाळा व मैदान, तर पुढे महाविद्यालय आणि अभ्यासाची जागा महत्त्वाची ठरते.

२. कामाचे ठिकाण : आज कचेऱ्या केवळ फोर्ट भागात नाहीत, वांद्रे-कुर्ला संकुल, अंधेरी, ठाणे, ऐरोली येथेही आहेत. म्हणून अंतर 'मुंबईपासून' न मोजता दोघांच्याही कामाच्या जागेपासून मोजावे.

३. एकूण खर्च : घराच्या हप्त्यात पास, रिक्षा, पाळणाघर आणि प्रवासाचे तास मिळवूनच तुलना करावी.

४. वृद्धांची सोय : आजी-आजोबांना दवाखाना, ओळखीची माणसे आणि उद्‌वाहन मिळेल का, हे पाहावे.

५. त्याग कोणाचा : निर्णयाचा लाभ कोणाला आणि भार कोणावर, हे घरात उघडपणे बोलले जावे.

समारोप

अनेक कुटुंबांना प्रत्यक्षात निवड करण्याइतका वाव नसतो. परवडेल तेथे राहावे लागते. म्हणूनच हा प्रश्न केवळ कुटुंबाच्या शहाणपणाचा नसून गृहनिर्माण, वाहतूक आणि बालसंगोपन यांच्या सार्वजनिक धोरणाचाही आहे. तरीही जेथे थोडा वाव आहे, तेथे चौरस फुटांबरोबर तासांचाही हिशेब मांडला, तर निर्णय अधिक न्याय्य होतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. भाडे नियंत्रण कायद्याचे हेतू आणि परिणाम यांतील विसंगती स्पष्ट करा.

२. आपल्या कुटुंबाने आजवर बदललेल्या घरांची यादी करा. प्रत्येक वेळी लाभ कोणाला झाला आणि भार कोणी उचलला, ते सुमारे १५० शब्दांत लिहा.