प्रौढपणी पोहणे शिकणे : कौशल्याध्ययनाच्या दृष्टीने एक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

पोहणे ही बालपणीच शिकून घ्यावयाची गोष्ट आहे, अशी समजूत महाराष्ट्रात दीर्घकाळ रूढ आहे. गावच्या विहिरीत वा नदीच्या डोहात वडीलधाऱ्यांनी मुलाच्या पाठीला सुका भोपळा, पांगाऱ्याचे ओंडके किंवा पत्र्याचा हवाबंद डबा बांधावा आणि एकदोन उन्हाळ्यांत मुलाने पाण्याशी सलगी करावी, असा परिपाठ होता. ज्याचे हे वय पोहण्यावाचून निघून गेले, त्याने पुढे काठावर बसून इतरांचे कपडे सांभाळावेत, हेही जणू ठरलेलेच होते.

बालपणी पोहणे न शिकण्याची कारणे नेहमीच वैयक्तिक नसतात. विहीर वा नदी जवळ नसणे हे एक कारण झाले. अनेक घरांत मुलींना या शिक्षणापासून दूर ठेवले गेले. ज्या समाजांना सार्वजनिक पाण्याला स्पर्श करण्याचीही बंदी होती, त्यांच्या मुलांना त्या पाण्यात उतरून पोहणे शिकता येणे शक्यच नव्हते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली जो सत्याग्रह झाला, तो पाणी पिण्याच्या हक्कासाठी होता. परंतु पाण्याशी असलेल्या इतर सर्व संबंधांचे दारही त्याच हक्कामागे बंद होते, हे विसरता येत नाही. तेव्हा, ‘प्रौढपणी पोहणे शिकता येते काय?’ हा प्रश्न केवळ करमणुकीचा राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मृत्यू पावली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी २५ जुलै हा दिवस बुडण्यापासून बचावाच्या प्रचारासाठी मुक्रर केला.

प्रौढाची अडचण शिकण्याची शक्ती क्षीण झाल्यामुळे निर्माण होते, की त्याने आधी जे पक्के शिकून ठेवले आहे त्यामुळे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२. वय आणि अध्ययनक्षमता

एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२८ मध्ये प्रौढांच्या अध्ययनावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. वयोमानानुसार शिकण्याचा वेग किंचित मंदावतो, परंतु पंचेचाळिशीच्या आतील कोणीही ‘आता वय झाले’ या समजुतीने शिकण्यापासून परावृत्त होऊ नये, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढील संशोधनाने ही मर्यादाही सैल केली. २००४ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी तरुणांना तीन चेंडू हवेत झेलण्याचा खेळ तीन महिने शिकविला, तेव्हा दृष्टीने गती ओळखणाऱ्या मेंदूच्या भागातील करड्या द्रव्यात वाढ दिसून आली. २००८ मध्ये तोच प्रयोग सुमारे साठ वर्षे सरासरी वयाच्या व्यक्तींवर करण्यात आला. त्यांपैकी पुष्कळांना खेळ पूर्णपणे साधला नाही. तथापि ज्यांना साधला, त्यांच्या मेंदूतही तशाच प्रकारचा बदल आढळला. सराव सुटल्यावर ही वाढ ओसरली, हेही दोन्ही प्रयोगांत दिसले. अर्थात, वयामुळे शिकणे सावकाश होते, अशक्य होत नाही.

३. पाणी आणि शरीर

प्रौढाची खरी अडचण समजण्यासाठी पाण्यात शरीराचे काय होते, हे प्रथम पाहिले पाहिजे. मानवी शरीराचे विशिष्ट गुरुत्व गोड्या पाण्याच्या इतके निकट आहे, की तरंगणे व बुडणे यांतील अंतर छातीतल्या हवेवर अवलंबून राहते. साठ किलोग्रॅम वजनाच्या मनुष्याने पूर्ण श्वास घेतला आणि त्याची घनता पाण्याच्या ०.९८ पट झाली असे मानू. मग त्याच्या शरीराचे आकारमान सुमारे ६१.२ लिटर होईल. आर्किमिडीजच्या नियमाप्रमाणे त्यातील ६० लिटर पाण्याखाली राहून १.२ लिटर एवढाच भाग पाण्याबाहेर राहील. त्यानेच तीन लिटर हवा बाहेर सोडली, तर आकारमान ५८.२ लिटर होऊन तो तळाकडे जाऊ लागेल. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्के जड असते. म्हणून तेथे पूर्ण श्वासानिशी सुमारे २.७ लिटर भाग बाहेर राहतो.

या साध्या हिशोबातून पोहण्याच्या शिक्षणातील बरेच काही उलगडते. प्रौढाच्या डोक्याचे वजन चार ते पाच किलोग्रॅम असते. पाणी आपण होऊन जो १.२ लिटर भाग वर ठेवावयास तयार आहे, त्यात संपूर्ण डोके मावत नाही. चेहरा मात्र मावतो. म्हणून उताणे पडून, कान पाण्यात बुडवून, केवळ तोंड व नाक वर ठेवणारा मनुष्य विनासायास तरंगू शकतो. आणि मान ताठ करून सबंध डोके बाहेर काढणाऱ्यास प्रत्येक क्षणी हातपायांनी भार तोलावा लागतो. मनुष्याचा एक हात शरीराच्या वजनाच्या सुमारे पाच टक्के, म्हणजे वरील उदाहरणात तीन किलोग्रॅम भरतो. मदतीसाठी दोन्ही हात उंचावणारा मनुष्य सहा किलोग्रॅमचा बोजा आपण होऊन डोक्यावर घेतो.

याखेरीज, फुप्फुसांतील हवेमुळे शरीराचा उत्प्लावनमध्य छातीकडे असतो, तर गुरुत्वमध्य कमरेच्या बाजूस असतो. त्यामुळे आडवे पडलेले शरीर पायांकडून खाली झुकू लागते. डोके उचलले की हा कल वाढतो. डोके पाण्यात टेकविले की कमी होतो.

४. जे विसरावे लागते

प्रौढाच्या जन्मभराच्या सवयी नेमक्या या नियमांच्या विरुद्ध असतात. जमिनीवर तोल गेला की मान वर येते, शरीर उभे होते, पाय आधार शोधतात, हात पुढे वा वर जातात आणि श्वास रोखला जातो. जमिनीवर या प्रतिक्रिया प्राण वाचवितात. पाण्यात त्यांतील जवळजवळ प्रत्येक प्रतिक्रिया बुडण्यास साहाय्य करते. बालकाच्याही ठायी या प्रतिक्रिया असतात. परंतु प्रौढाच्या बाबतीत त्या दीर्घ वापराने दृढ झालेल्या असतात आणि त्यांच्या जोडीस परिणामांची स्पष्ट कल्पना असते. बुडणे म्हणजे काय, हे त्याला ठाऊक असते. म्हणून प्रौढाचे पोहणे शिकणे हे निम्मे तरी पूर्वीचे शिकलेले बाजूस ठेवणे होय.

निकोलाय बर्नस्टाइन या रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने कौशल्याच्या प्रारंभावस्थेचे एक लक्षण सांगितले आहे. शरीराच्या अनेक सांध्यांच्या स्वतंत्र हालचाली एकाच वेळी सांभाळणे नवशिक्याला अवघड जाते. म्हणून तो कित्येक सांधे ताठ धरून ठेवतो. सायकल शिकणाराचे खांदे किंवा प्रथमच लेखणी धरणाराची बोटे पाहिल्यास याचा प्रत्यय येतो. जमिनीवरील कौशल्यांत हा ताठरपणा काही काळ उपयोगी पडतो. पाण्यात मात्र तो महाग पडतो. कारण ताठ झालेली छाती उथळ श्वास घेते, आणि उथळ श्वास म्हणजे कमी तरंगशक्ती. भीतीने ताठरपणा येतो, ताठरपणामुळे शरीर खाली जाते आणि शरीर खाली गेल्यामुळे भीती खरी ठरते. हे चक्र कोठे तोडावयाचे, हाच शिक्षकापुढील पहिला प्रश्न होय.

५. ज्ञान आणि विश्वास

या प्रश्नाचे एक जुने आणि मार्मिक उत्तर बेंजामिन फ्रँकलिन यांच्या एका पत्रात सापडते. १७६९ मध्ये त्यांच्या संग्रहात प्रसिद्ध झालेले हे पत्र एका प्रौढ स्नेह्यास लिहिलेले आहे. नव्या व्यवसायामुळे त्याला वारंवार जलप्रवास करावा लागणार होता. पाण्याची त्याला धास्ती होती. आणि आता पोहणे शिकण्याचे वय उरले नाही, असे त्याचे मत होते. फ्रँकलिन यांनी ते मत अमान्य करून एक प्रयोग सुचविला. छातीभर पाण्यात चालत जावे, काठाकडे तोंड करून उभे राहावे, आपण व काठ यांच्या मध्ये एक अंडे टाकावे, आणि डोळे उघडे ठेवून बुडी मारून ते उचलण्याचा प्रयत्न करावा. असे करू जाता शिकणाराच्या ध्यानात येते की पाणी आपणास खाली ओढत नाही, उलट वर ढकलते. तळाशी जाण्यासाठीच श्रम पडतात.

या प्रयोगाचे मर्म असे की शिकणाराचे लक्ष बुडण्याकडून बुडी मारण्याकडे वळते. उतरणीची दिशा काठाकडे असल्यामुळे तो अधिकाधिक उथळ पाण्यात जातो, आणि वाटेल तेव्हा पाय टेकून उभा राहू शकतो. शरीराच्या विशिष्ट गुरुत्वासंबंधीचे नियमही फ्रँकलिन यांनी त्याच पत्रात क्रमवार दिले आहेत; परंतु केवळ ते नियम ठाऊक असल्याने आणीबाणीच्या प्रसंगी ते आठवतील, यावर विसंबू नये, असेही बजावले आहे. अशा वेळी मनुष्याचे ज्ञान कामास येत नाही आणि पशू त्याच्याहून सरस ठरतात, असे त्यांचे निरीक्षण आहे.

विसाव्या शतकातील मानसशास्त्राने याच अनुभवास सैद्धान्तिक आधार दिला. जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये भीतीच्या विषयाकडे शिथिल अवस्थेत पायरीपायरीने नेण्याची पद्धती मांडली. अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये स्वसामर्थ्यावरील विश्वासाचे विवेचन करताना असे प्रतिपादिले की उपदेशाहून, किंबहुना दुसऱ्याचे यश पाहण्याहूनही, स्वतः मिळविलेले यश हा त्या विश्वासाचा सर्वांत प्रबळ स्रोत होय. या दृष्टीने पाहता, न पोहणाऱ्यास अवचित पाण्यात ढकलून देण्याची जी रीत कित्येक ठिकाणी होती, ती अध्ययनशास्त्राच्या कसोटीस उतरत नाही. तीतून जे तरले त्यांच्या आठवणी सांगितल्या जातात. जे पुन्हा कधी पाण्याकडे फिरकले नाहीत, त्यांची गणना होत नाही.

भोपळ्याच्या पद्धतीचे मूल्यमापन थोडे निराळे करावे लागेल. आधार क्रमाने कमी करणे, हे तिचे तत्त्व निर्दोष आहे. तथापि, पाठीवरचा भोपळा शरीराची स्वतःची तरंगशक्ती झाकून टाकतो. शिकणारा हात मारावयास शिकतो, पण पाण्यावर विसंबावयास शिकत नाही. प्रौढाला उणीव असते ती दुसऱ्या गोष्टीची. म्हणून त्याच्या बाबतीत श्वास पाण्यात सोडणे, उताणे तरंगणे आणि आडव्या स्थितीतून पुन्हा पायांवर उभे राहणे या तीन गोष्टी हात मारण्याच्या आधी यावयास हव्यात. त्यांतील तिसरीकडे फार वेळा दुर्लक्ष होते. परत उभे राहता येते, याची खात्री पटलेला मनुष्यच निर्धास्तपणे आडवा होतो.

६. सरावाची आखणी

पॉल फिट्स व मायकेल पोस्नर यांनी १९६७ मध्ये कौशल्याध्ययनाच्या तीन अवस्था सांगितल्या : ज्ञानात्मक, साहचर्यात्मक आणि स्वयंचलित. प्रौढ पहिल्या अवस्थेत सरस ठरतो, कारण त्याला सूचना समजतात. पण तेथेच तो रेंगाळतो. हात कोठे, गुडघा किती वाकवावा, असा प्रत्येक अवयवाचा हिशोब तो ठेवू लागतो. गॅब्रिएल वुल्फ यांच्या १९९८ पासूनच्या प्रयोगमालेने दाखविले आहे की लक्ष स्वतःच्या अवयवांवर ठेवण्यापेक्षा हालचालीच्या परिणामावर ठेवल्यास कौशल्य अधिक चांगले साधते. पोहणाऱ्यांवरील २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतही ‘हात मागे ओढा’ या धर्तीच्या सूचनेपेक्षा ‘पाणी मागे ढकला’ या धर्तीची सूचना अधिक वेगास कारण झाली.

सरावाच्या वाटणीविषयी ॲलन बॅडली व लाँगमन यांचा १९७८ मधील अभ्यास प्रौढ शिक्षणाच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. ब्रिटिश टपाल कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकविताना एका गटास रोज एक तास, तर दुसऱ्यास दोन-दोन तासांच्या दोन बैठकी देण्यात आल्या. तासांच्या हिशोबात रोज एक तास शिकणारा गट पुढे गेला. परंतु आपल्या वेळापत्रकाविषयी सर्वांत असमाधानी तोच होता, कारण दिवसांच्या हिशोबात त्याची प्रगती मंद दिसत होती. उन्हाळी शिबिरात आठवड्याभरात पोहणे ‘उरकण्याची’ प्रौढांची इच्छा याच भ्रमातून उत्पन्न होते. अल्प आणि नियमित सराव हाच श्रेयस्कर. मात्र त्यात जाणवणारी मंदगती ही अपयशाची खूण नव्हे, हे शिक्षकाने आरंभीच सांगून ठेवावे.

येथे एका धोक्याचा निर्देश अवश्य आहे. श्वास अधिक वेळ रोखता यावा म्हणून बुडीपूर्वी भराभर दीर्घ श्वास घेण्याची चाल घातक आहे. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वास घेण्याची निकड उशिरा जाणवते आणि त्यापूर्वीच प्राणवायू अपुरा पडून पाण्याखाली शुद्ध हरपू शकते.

७. ‘पोहता येते’ म्हणजे काय?

तरणतलावाची एक लांबी पार केली की पोहता येऊ लागले, असे मानण्याचा प्रघात आहे. अमेरिकन रेडक्रॉसने पाण्यातील सक्षमतेची जी कसोटी ठरविली आहे, ती अधिक विचारपूर्वक आहे. डोक्याहून खोल पाण्यात उतरून पुन्हा वर येणे, एक मिनिट तरंगणे वा उभे पोहणे, स्वतःभोवती पूर्ण वळून बाहेर पडण्याची जागा शोधणे, तेथपर्यंत २५ यार्ड, म्हणजे सुमारे २३ मीटर, जाणे आणि शिडीवाचून बाहेर येणे, ही तिची पाच अंगे होत. यांत वेगाला स्थान नाही.

तलावातील स्थिर पाण्यात कमावलेले कौशल्य नदीच्या ओढीत वा समुद्राच्या लाटांत जसेच्या तसे उतरत नाही, याचेही भान ठेवावे लागते. फ्रान्चेस्को पिआ या न्यूयॉर्कच्या जीवरक्षकाने १९७० नंतरच्या दशकात बुडणाऱ्यांच्या चित्रफितींवरून दाखवून दिले की प्रत्यक्ष बुडणारा मनुष्य ओरडत नाही वा हात हलवून बोलावीत नाही. त्याचे तोंड पाण्याच्या पातळीशी वरखाली होत असते, हात दोन्ही बाजूंनी पाणी दाबत असतात, आणि पाण्यावरील ही धडपड वीस ते साठ सेकंदांत संपते. इतक्या अल्पकाळात आठवून आचरणात आणता येईल असे ज्ञान नसते. असते ती केवळ सवय. शिकणारा अनपेक्षितपणे पाण्यात पडला असता त्याची मान मागे टेकते की वर उचलते, यावरून त्याच्या शिक्षणाची परीक्षा होते.

सारांश, प्रौढाच्या मार्गातील अडथळा वयात नसून जमिनीवर कमावलेल्या सवयींत आणि भीतीत आहे. त्याची समजशक्ती त्याला पाण्यापर्यंत आणून सोडते. पुढील काम सावकाश, वारंवार आणि उथळ पाण्यापासून आरंभ करून शरीरालाच करावे लागते. त्यासाठी सार्वजनिक तरणतलावांवर प्रौढ नवशिक्यांकरिता, विशेषतः स्त्रियांकरिता, स्वतंत्र वेळ, छातीभर खोलीचे पाणी आणि घाई न करणारा शिक्षक एवढी तरतूद झाली, तरी बालपणी राहून गेलेले हे शिक्षण पुष्कळांना पुढील वयातही मिळू शकेल.