‘नंबर द स्टार्स’ शिकवताना

लोइस लाउरी यांची ‘नंबर द स्टार्स’ ही १९८९ सालची कादंबरी सहावी-सातवीची मुले सहज वाचतात. कोपनहेगनच्या रस्त्यावर पळत सुटलेल्या अ‍ॅनमरी आणि एलन या दहा वर्षांच्या मैत्रिणींना जर्मन शिपाई अडवतात, तिथे गोष्ट सुरू होते. लगेच वर्गातून प्रश्न येतो: डेन्मार्कमध्ये जर्मन शिपाई कशाला?

सगळा इतिहास पहिल्याच तासाला सांगून टाकण्याचा मोह आपण आवरावा. ज्या प्रकरणाला जेवढा लागतो तेवढाच, आदल्या दिवशी द्यावा.

पहिल्या दिवशी फक्त नकाशा. डेन्मार्कच्या दक्षिणेला जर्मनी, पूर्वेला समुद्राच्या चिंचोळ्या पट्टीपलीकडे स्वीडन. हेल्सिंगोरजवळ ही पट्टी जेमतेम चार किलोमीटर रुंद आहे. नकाशा पुस्तक संपेपर्यंत भिंतीवर राहू द्या.

मग एलन ज्यू आहे म्हणजे कोण, ते सांगावे. आपली शाळा रायगडात असेल तर सोपे जाते. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत, ते कोकणातले बेने इस्राएल लोक ज्यूच.

यानंतर ‘होलोकॉस्ट’ हा शब्द: नाझी राजवटीने आणि तिच्या साथीदारांनी केलेली सुमारे साठ लाख ज्यूंची पद्धतशीर हत्या. इथे बहुतेक शिक्षक थेट छळछावण्यांपाशी जातात. मुले हादरतात, पण हे घडले कसे ते त्यांना कळत नाही. आपण १९३३ पासून चालत यावे. हिटलर सत्तेवर आला, १९३५ च्या कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले, १९३८ च्या नोव्हेंबरात त्यांची प्रार्थनामंदिरे जाळली गेली. हिटलरचे ‘माझा लढा’ आपल्याकडे पदपथावरही विकायला असते, त्यामुळे ‘हिटलर शिस्तीचा होता’ असे एखादा मुलगा म्हणेलच. त्याला रागावू नका. तो १९३५ चा कायदा त्याच्यासमोर ठेवा आणि एलनच्या घरी त्याचा अर्थ काय झाला असता, ते त्यालाच सांगू द्या.

आता डेन्मार्क. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मन फौजा शिरल्या, पण डॅनिश सरकार कामावर राहिले आणि त्याने ज्यूंविरुद्ध कायदे केले नाहीत. म्हणून तीन वर्षांनंतरही एलन मैत्रिणीसोबत शाळेत जाते. १९४३ च्या उन्हाळ्यात संप आणि घातपात वाढले. २९ ऑगस्टला जर्मनांनी लष्करी कायदा लावला, तेव्हा जहाजे त्यांच्या हाती पडू नयेत म्हणून डॅनिश आरमाराने ती स्वतःच बुडवली. अ‍ॅनमरीच्या धाकट्या बहिणीला, कर्स्टीला, आपल्या वाढदिवसाची आतषबाजी वाटते, ती ही आग.

सप्टेंबरअखेर डुकविट्झ या जर्मन अधिकाऱ्याने ज्यूंच्या धरपकडीची बातमी डॅनिश नेत्यांना फोडली. २९ सप्टेंबरला सकाळी राबाय, म्हणजे ज्यू धर्मगुरू, मार्कस मेल्किओर यांनी प्रार्थनामंदिरात जमलेल्यांना लपायला सांगितले. १ ऑक्टोबरच्या रात्री छापे पडले. त्या महिन्यात सुमारे ७,२०० ज्यू होड्यांतून स्वीडनला पोहोचले. सुमारे ४७० पकडले जाऊन तेरेझिनश्टाट छावणीत गेले. अ‍ॅनमरीचे मामा राहतात त्या गिलेलाय परिसरातच चर्चच्या माळ्यावर लपलेले सुमारे ऐंशी लोक पकडले गेले. पुस्तकात ते नाही, म्हणून आपण सांगायला हवे. अनेक कोळ्यांनी पैसे घेतले, हेही लपवू नका. पकडले गेले तर होडी जाणार होती, आणि तीच त्यांची रोजी होती.

दोन चुका हमखास होतात. राजा दहाव्या ख्रिस्तियानने स्वतः पिवळा तारा लावला, ही केवळ दंतकथा आहे. डेन्मार्कमध्ये ज्यूंवर तारा लादलाच गेला नव्हता. राजा घोड्यावरून शहरात एकटा फिरत असे, ते मात्र खरे.

दुसरी चूक जास्त खोल जाते. ‘शेजारी धाडसी असते तर सगळीकडे ज्यू वाचले असते,’ असे मुले ठरवून टाकतात. तेव्हा पोलंडचे आकडे फळ्यावर लिहावेत: सुमारे ३३ लाखांपैकी सुमारे ३० लाख मारले गेले. मग भिंतीवरच्या नकाशाकडे वळावे आणि विचारावे, वॉर्साहून होडी कुठे जाणार? डॅनिश ज्यूंची संख्या लहान होती, बातमी वेळेत फुटली होती आणि स्वीडनने दार उघडले होते, हे मुले स्वतः शोधतील.

रुमालाचे रहस्य मात्र आधी फोडू नका. होड्या हुंगणाऱ्या जर्मन कुत्र्यांची घ्राणशक्ती बोथट करायला रुमालावर वाळलेले रक्त आणि कोकेन वापरले जात होते, ही माहिती अ‍ॅनमरी जंगलातून टोपली घेऊन धावून झाल्यावर द्यावी. तोवर तिच्याइतकेच आपल्या वर्गालाही ठाऊक नसू द्या.