भिजलेला कातळ

भोरहून रायरेश्वराच्या वाटेवर आंबवडे लागते. तेथून दिसणारे डोंगर एकाच अखंड काळ्या दगडाचे असावेत असे वाटते. वस्तुतः ते थरांचे आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस एकावर एक पसरून थिजला व सह्याद्रीचा हा भाग घडला. कित्येक ठिकाणी दोन थरांच्या दरम्यान तांबड्या, मातकट खडकाची पट्टी आढळते.

पावसाळ्यात हे सर्व खडक सारखे वागत नाहीत. घट्ट काळ्या कातळात छिद्रे अत्यल्प असतात. पाणी त्याच्या फटींतून तेवढे उतरते. विहिरी खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो सच्छिद्र खडक झिजला की पाणी शोषतो, वजनाने वाढतो आणि बळाने घटतो. तांबड्या पट्टीची गोष्ट निराळीच. तिच्यातील चिकणमाती भिजली की फुगते, सुकली की आक्रसून तडकते. हातोडीने फोडावे लागणारे तिचे कोरडे ढेकूळ बादलीत टाकले तर अनेकदा आपोआप विरते.

पाण्यामुळे खडक बुळबुळीत होतो आणि म्हणून दरड कोसळते, ही समजूत अपुरी आहे. छिद्रांत व फटींत साचलेले पाणी चहूबाजूंनी दाब देते आणि वरच्या थराचा काही भार स्वतः पेलते. थर एकमेकांवर जितके कमी दाबले जातात तितके त्यांच्यातील घर्षण कमी होते. उतार तोच, दगडही तोच. पण त्याला धरून ठेवणारे बळ उरत नाही. पाणी सावकाश झिरपत असल्याने पाऊस उघडल्यावरही हा धोका काही काळ राहतो.

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण येथे दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. भोर-महाड रस्त्यावरील वरंधा घाटापलीकडे, महाड तालुक्यातील तळिये येथे २२ जुलै २०२१ रोजी ऐंशीहून अधिक जणांचा बळी गेला. दोन्हीकडे अतिवृष्टीनंतर घसरले ते मुख्यतः कातळावरील माती व झिजलेल्या खडकाचे आवरण. उतारावर नवी भेग पडणे, झाडे कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे ही लक्षणे दिसताच वस्ती हलविणे इष्ट ठरते.

ओल्या खडकातून वीज सुलभतेने वाहते. या गुणाचा उपयोग विहिरीची जागा शोधण्यासाठी होतो. घाटरस्त्याच्या संरक्षक भिंतींत ठेवलेली भोके मात्र भिंतीमागील पाण्याला वाट देण्यासाठी असतात. ती मातीने बुजली तर पाणी मागे तुंबते व त्याचा दाब भिंतीवर येतो. ती मृगापूर्वी मोकळी करावी लागतात.